शब्दचर्चा : ‘एंडोटॉक्सिन टॉलरन्स’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक
एका लेखाचा अनुवाद करताना या संज्ञेपाशी अडलो आहे. शब्दाला शब्द ठेवला तर ‘अंतर्विष-सहनशीलता’ होतं, पण अर्थ पाहिला की ते पटत नाही. बशीत वाढवलेल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींना एलपीएस दिलं, म्हणजे ग्रॅम-ऋण गटातल्या जिवाणूंच्या बाह्यपटलातलं लिपोपॉलिसॅकराइड, हेच ते अंतर्विष, की त्या टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन भरभरून सोडतात. दुसऱ्या दिवशी त्याच पेशींना पुन्हा तेवढंच एलपीएस दिलं तर टीएनएफ जेमतेम. ‘सहनशील’ म्हटलं की पेशी मुकाट्यानं सोसते आहे असं वाटतं. तसं आहे का?

सूक्ष्मदर्शी
नाही. सोसायला तिथे फारसं काही नसतंच. घटसर्पाचं विष पेशीत शिरून तिची प्रथिननिर्मिती थांबवतं. एलपीएस तसं काही करत नाही. टीएलआर-4 हा पेशीवरचा ग्राही (खूण ओळखणारं प्रथिन) ते ओळखतो आणि पुढचा सगळा जाळ आपलीच पेशी लावते: ताप, रक्तदाब कोसळणं, अवयव निकामी होणं. त्यामुळे इथे प्रश्न विष पचवण्याचा नाही, स्वतःच्या प्रतिसादाला लगाम घालण्याचा आहे. पेशी टीएलआर-4 कडून येणारा निरोप आयरॅक-एम, ए20 अशा प्रथिनांकरवी वाटेतच अडवते, आयएल-10 हे दाह शमवणारं प्रथिन सोडून शेजारच्या पेशींनाही शांत करते.

जाता जाता, ‘अंतर्विष’ हा शब्दही फसवाच आहे. 1892 मध्ये रिचर्ड फायफर यांना पटकीच्या मेलेल्या जिवाणूंतही विषारीपणा आढळला, म्हणून विष आत दडलेलं असावं असं त्यांनी मानलं. प्रत्यक्षात ते जिवाणूच्या बाहेरच्या अंगावर असतं. नाव मात्र रुळलं, ते आता बदलू नये.

जुनी वही
मग ‘सरावणे’ कसं वाटतं? गरम भांडं रोज हाताळून बोटं सरावतात, तशी पेशी विषाला सरावली. बोलीतला शब्द आहे, कुणालाही लगेच कळेल. 1940 च्या दशकात पॉल बीसन यांनी सशांना अंतर्विष असलेली टायफॉइडची लस पुन्हा पुन्हा टोचली, तेव्हा दर खेपेला ताप कमी येत गेला. ते ससे सरावलेच म्हणायचे.

सूक्ष्मदर्शी
शब्द गोड आहे, पण दोन अडचणी आहेत. बीसीजीसारख्या लसीनंतर काही पेशी पुढच्या वेळी जास्त जोरानं प्रतिसाद देतात. त्याला ‘ट्रेन्ड इम्युनिटी’ म्हणतात आणि तिच्यासाठी ‘सराव’ हा शब्द आपसूक सुचतो. म्हणजे एकच शब्द दोन उलट्या गोष्टींना लागेल.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. सरावलेलं बोट बधिर होतं, ही पेशी सरसकट बधिर होत नाही. 2007 मध्ये उंदरांच्या मॅक्रोफेजवरचं एक काम प्रसिद्ध झालं. दुसऱ्या डोसाला दाह पेटवणारी बरीच जनुकं गप्प राहिली, पण जिवाणूनाशक प्रथिनांची जनुकं चालूच राहिली, काही तर आधीपेक्षा जोरात. आग आवरली, हत्यार मात्र खाली ठेवलं नाही!

अनुवादक
तुम्ही ‘आवरली’ लिहिलंत, तोच शब्द घ्यावा असं वाटतं. राग आवरलेल्या माणसाचा राग गेलेला नसतो आणि हातही धड असतात. ‘अंतर्विष-आवर’?

जुनी वही
फार छान! ‘आवर’ घेतला की ‘अनावर’ आपोआप हाती येतो. 2016 च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीरानं दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे जिवावर बेतणारी अवयवांची हानी. त्या प्रतिसादाला ‘अनियमित’ म्हटलेलं मी वाचलं आहे, आणि ते चूक आहे. अनियमित पगार असतो, बस असते. हा प्रतिसाद अनावर असतो.

शिवाय ‘आवराआवर’ आहेच. दाह ओसरताना मॅक्रोफेज मेलेल्या न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी गिळून जागा साफ करतात, आणि तसं करताना आयएल-10 सोडतात. आवर घालणं आणि आवराआवर करणं ही दोन्ही कामं एकच पेशी करते.

सूक्ष्मदर्शी
‘अनावर’ला एक जोड द्या. सेप्सिसमध्ये नुसता भडका नसतो. बऱ्याच रुग्णांत प्रतिकार इतका मंदावतो की नवा संसर्ग सहज घर करतो. त्या अवस्थेला ‘आवर’ म्हणू नका, ‘थिजणे’ म्हणा. दाह दाबण्यासाठी टीएनएफला रोखणारी औषधं सेप्सिसमध्ये वापरून पाहिली, अपेक्षित यश आलं नाही. भडकलेला रुग्ण आणि थिजलेला रुग्ण यांना एकच औषध कसं चालेल?

अनुवादक
मग ‘सहिष्णुता’ कुठे वापरायची?

सूक्ष्मदर्शी
जंतूंची संख्या तेवढीच राहूनही शरीर स्वतःची हानी कमी ठेवतं, तिथे. ते खरं सोसणं आहे. आपल्याच पेशींवर हल्ला न करण्यालाही ‘सहिष्णुता’ म्हणतात, ते रूढ आहे. लेखात पहिल्यांदा ‘अंतर्विष-आवर’ येईल तिथे शेजारी ‘एंडोटॉक्सिन टॉलरन्स’ असं देवनागरीत द्या, पुढे नुसतं ‘आवर’ चालेल.