‘बुद्धिवादी’ म्हणजे बुद्धिमान का? देव मानण्या-न मानण्याभोवतीचे शब्द

प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. बुद्धिवादावरील निबंधात अकरावीच्या एका विद्यार्थ्याने असे लिहिले आहे : ‘बुद्धिवादी माणूस बुद्धिमान असल्यामुळे देव मानत नाही, देवभोळ्या लोकांना बुद्धी कमी असते.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात खोडण्यासारखे काही नाही, तरीही लाल पेन हातात घेऊन मी त्यापाशी बराच वेळ थांबले. माझ्या आजीला लिहिता-वाचता बेताचेच येत होते. महिनाअखेरीस गवळ्याचा हिशेब ती देवापुढे वाती वळता वळता तोंडी करीत असे. कोणत्या दिवशी पाव शेर जास्त घेतले, कोणत्या दिवशी दूध आलेच नाही, हे सगळे धरून ती जो आकडा सांगे तो वडिलांच्या वहीतल्या आकड्याशी जुळत असे, आणि ज्या महिन्यात जुळला नाही त्या महिन्यात चूक वहीत सापडली. या बाईला सारी आळी ‘देवभोळी’ म्हणत असे. तेव्हा माझा प्रश्न असा, की विद्यार्थ्याने काढलेला अर्थ या शब्दांमध्येच आहे, की आपण तो त्यांच्यावर लादतो? आणि लादत असू, तर त्या मुलाला नेमके काय समजावून सांगावे?

पहिले उत्तर

‘वादी’ हे उत्तरपद ज्या नामाला जोडले जाते, तो गुण त्या माणसाच्या अंगी आहे असे ते सांगत नाही; तो त्या गोष्टीचा पुरस्कार करतो, एवढेच सांगते. वास्तववादी लेखकाचे प्रत्येक पात्र वास्तवात होऊन गेलेले नसते. त्यामुळे ‘बुद्धिवादी, म्हणून बुद्धिमान’ हे अनुमान शब्दाच्या घडणीवरच अडते. विद्यार्थ्याने ‘बुद्धी’ दीर्घ आणि ‘बुद्धिवादी’ ऱ्हस्व लिहिले आहे, याचे मात्र कौतुक करावे, कारण छापील मजकुरातही ‘बुद्धीवादी’ असे सर्रास दिसते.

दुसरे उत्तर

वरील खुलासा बरोबर आहे, पण तेवढ्याने त्या मुलाचे समाधान होईल असे वाटत नाही, कारण त्याच्या वाक्यात तीन शब्दांची गल्लत झाली आहे आणि तिन्ही स्वतंत्रपणे पाहावे लागतील.

‘बुद्धिवादी’ हे ‘बुद्धिप्रामाण्यवादी’ या शब्दाचे आटोपशीर रूप म्हणून वापरले जाते, आणि जे पद गाळले त्या ‘प्रामाण्या’वरच अर्थाचा सगळा भार होता. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून होणारे ज्ञान) आणि शब्द (विश्वसनीय वचन) अशी चार प्रमाणे मानली. जडवादी चार्वाकांनी प्रत्यक्ष तेवढे ठेवले. एखादी गोष्ट खरी की खोटी याचा अखेरचा निवाडा जो बुद्धीकडे सोपवतो, तो बुद्धिप्रामाण्यवादी. याचा विरुद्धार्थी शब्द ‘निर्बुद्ध’ असा होत नाही, तो ‘शब्दप्रामाण्यवादी’ किंवा ‘ग्रंथप्रामाण्यवादी’ असा होतो. बुद्धी किती आहे हा प्रश्न या शब्दात विचारलेलाच नाही. निवाड्याचा अधिकार तिला दिला की नाही, एवढेच विचारले आहे.

हे पटवण्यासाठी पूर्वमीमांसकांचे, म्हणजे वेदातील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितांचे, उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेला, आहे आणि वेदवचन अंतिम आहे, असे मानणाऱ्या या मंडळींपेक्षा कडक शब्दप्रामाण्यवादी शोधूनही सापडणार नाहीत. पण बुद्धीचे म्हणाल, तर वाक्याचा अर्थ कसा लावावा याचे त्यांनी घालून दिलेले नियम इतके काटेकोर आहेत, की धर्मशास्त्रावरील निबंधकारांनी ते शतकानुशतके वापरले. आणि देवाचे म्हणाल, तर सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त जग निर्माण करणारा सर्वज्ञ ईश्वर ही कल्पनाच युक्तिवादाने खोडून काढली आहे. याउलट नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ रचला तोच मुळी अनुमानाच्या बळावर ईश्वर सिद्ध करण्यासाठी. म्हणजे ग्रंथाला शरण जाणारे ईश्वर नाकारीत होते आणि तर्काचा धंदा करणारे त्याला सिद्ध करीत होते. आजच्या ‘बुद्धिवादी’ आणि ‘भाविक’ या दोन कप्प्यांत यांपैकी कोणालाच नीट बसवता येत नाही.

‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ यांचेही तसेच. पाणिनीचे सूत्र आहे : ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०). ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. आणि काय आहे, तर परलोक, असे टीकाकार सांगतात. ईश्वराचे नाव तेथे नाही. मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’ असे म्हटले आहे (२.११), पण हा चरण जितका तोंडी फिरतो तितकी त्याच्या आधीची ओळ फिरत नाही. तीत हेतुशास्त्राचा, म्हणजे तर्काचा, आश्रय घेऊन जो श्रुती आणि स्मृती यांचा अवमान करतो त्याला बहिष्कृत करावे, असे सांगितले आहे. तेथे नास्तिकावर बुद्धी कमी असल्याचा आरोप नाही. त्याने ती नको तेथे चालवली असा आरोप आहे. आज आपण बरोबर उलट्या बाजूला सरकलो आहोत आणि देव न मानणे हेच बुद्धीचे लक्षण समजू लागलो आहोत. शब्द तेच राहिले आणि मानाची जागा बदलली. सांख्य दर्शनाचे अनुयायीही ‘ईश्वरासिद्धेः’ (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून) म्हणतात आणि तरी आस्तिक, म्हणजे वेद मानणाऱ्या, दर्शनांत गणले जातात, हे येथे केवळ नोंदवून ठेवतो.

दुसरा शब्द ‘बुद्धी’. रोजच्या मराठीत हा शब्द कुवतीसाठी फार कमी येतो; कुवतीसाठी आपल्याकडे अक्कल, हुशारी, तल्लखपणा आहेत आणि शाळेतून आलेली बुद्धिमत्ता आहे. ‘त्याला कुठून ही बुद्धी झाली’, ‘मला दुर्बुद्धी सुचली’, ‘देव त्याला सद्बुद्धी देवो’ या वाक्यांतली बुद्धी म्हणजे मनाचा कल आहे. दुर्बुद्धी झालेला माणूस मंद नसतो, बहुधा चलाखच असतो. शिवाय ही बुद्धी आपण मागतो कोणाकडे, तर देवाकडेच. गायत्री मंत्रातले मागणे, ‘धियो यो नः प्रचोदयात्’, हे धन किंवा आयुष्य यांसाठी नसून सवित्याने आमच्या बुद्धींना चालना द्यावी यासाठी आहे, आणि गणपतीला आपण बुद्धिदाता म्हणतो. ज्या भाषेत बुद्धी देवाकडून मागायची वस्तू आहे, त्या भाषेत ‘बुद्धी आहे म्हणून देव नाही’ हे वाक्य बोलणाऱ्याने आपण ‘बुद्धी’ कोणत्या अर्थाने वापरतो आहोत हे आधी ठरवले पाहिजे. त्याला बुद्ध्यंक म्हणायचा असेल तर ‘बुद्ध्यंक’ म्हणावे, आणि सारासार निवडण्याची सवय म्हणायची असेल तर ‘विवेक’ म्हणावे. नागपूरहून १९९० साली सुरू झालेल्या ‘आजचा सुधारक’ या मासिकाने आपल्या भूमिकेला ‘विवेकवाद’ हे नाव दिले, ते मला म्हणूनच आवडते. विवेक या शब्दाच्या मुळाशी वेगळे काढणे, निवडणे ही क्रिया आहे. तांदळातले खडे निवडावेत तसे. निवडायला वेळ आणि चिकाटी लागते, जन्मजात देणगी लागत नाही. रामदासांसारख्या निस्सीम भक्तानेही हाच शब्द पानोपानी वापरला आहे, हे विद्यार्थ्याला अवश्य सांगावे.

आता ‘देवभोळा’. हा समास ‘देवाविषयी भोळा’ असा सुटतो, आणि पूर्वपदाने भोळेपणाला कुंपण घातले आहे. ‘व्यवहारात पक्का, पण देवभोळा’ हे वाक्य मराठी माणसाला जराही विसंगत वाटत नाही, यातच या शब्दाचा खरा अर्थ दिसतो. आपल्या आजींना हा शब्द नेमका लागू पडतो, कारण दुधाचा हिशेब त्या कुंपणाबाहेर होता. विद्यार्थ्याने ते कुंपण काढून भोळेपणा सगळ्या माणसावर पसरला. तरीही माझा या शब्दावर एक आक्षेप आहे : तो बायकांना, खेड्यातल्या माणसांना आणि कमी शिकलेल्यांना जितक्या सहज चिकटवला जातो, तितक्या सहज सत्यनारायण घालणाऱ्या इंजिनिअरला चिकटवला जात नाही; त्याला आपण ‘धार्मिक वृत्तीचे’ म्हणतो. वर्तमानपत्रे आषाढीच्या बातमीत ‘लाखो भाविक’ असे लिहितात, ‘लाखो देवभोळे’ असे कोणी लिहीत नाही. कोणाच्याही श्रद्धेचे वर्णन करायचे असेल तेव्हा ‘भाविक’ किंवा ‘सश्रद्ध’ हे शब्द वापरावेत आणि ‘देवभोळा’ हा शब्द, कोणी भोळेपणाचा फायदा घेतला असे दाखवायचे असेल तेव्हाच वापरावा, असे मी सुचवीन.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एकत्र शिकलेले टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ सालचे. न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ यांच्या उभारणीत दोघांचा हात होता. एकाने पुढे गीतेवर भाष्य लिहिले, दुसऱ्याने ‘सुधारक’ काढून बुद्धिप्रामाण्याचा पुरस्कार केला आणि त्याला आपण अज्ञेयवादी (ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारा) म्हणतो. या दोघांमध्ये बुद्धी कोणाची कमी होती, असा प्रश्न कोणी विचारला तर तो प्रश्नच आपल्याला चमत्कारिक वाटेल. गणितापुरतेच बोलायचे तर केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे बुद्धिवादी चळवळीचे अध्वर्यू होते, आणि पंधरा वर्षांनी त्याच विद्यापीठात गेलेले रामानुजन आपल्या सूत्रांचे श्रेय नामक्कलच्या नामगिरी देवीला देत.

पुरवणी प्रश्न

शब्दार्थ मान्य आहे. परंतु बुद्ध्यंक जास्त असलेल्या लोकांमध्ये धार्मिकता कमी आढळते, असे संशोधन परदेशात झाल्याचे मी वाचले आहे. मग विद्यार्थ्याचे वाक्य वस्तुस्थितीच्या दृष्टीने खरे मानावे का?

दुसऱ्या उत्तरकर्त्याकडून

असे संशोधन झाले आहे आणि ते दडवण्याचे कारण नाही. मानसशास्त्रज्ञ मिरॉन झुकरमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ साली ६३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात बुद्धिमत्ता आणि धार्मिकता यांच्यात उणा सहसंबंध, म्हणजे एक जास्त तेथे दुसरे कमी असण्याचा कल, आढळला. महाविद्यालयीन विद्यार्थी आणि सर्वसामान्य प्रौढ यांच्या बाबतीत, श्रद्धेच्या तीव्रतेपुरता, तो सरासरी उणे ०.२४ इतका होता. संख्याशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे या आकड्याचा वर्ग केला, तर माणसामाणसांतील श्रद्धेच्या फरकापैकी ६ टक्क्यांहूनही कमी भाग बुद्धिमत्तेच्या फरकाशी जुळतो. उरलेल्याचे धागे इतरत्र शोधावे लागतात. इतक्या अंधूक संबंधावरून समोरच्या एका माणसाविषयी काहीही सांगता येत नाही. शिवाय यांतील बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य समाजातले आहेत, जेथे धार्मिक असणे म्हणजे मुख्यतः एका विधानाला संमती देणे.

याच विश्लेषणातला एक बारकावा शब्दचर्चेच्या दृष्टीने मला मोलाचा वाटतो : हा संबंध धार्मिक श्रद्धेच्या बाबतीत जास्त आणि धार्मिक आचरणाच्या बाबतीत कमी दिसला. मराठीने हा भेद फार पूर्वीपासून क्रियापदांतून सांभाळला आहे. ‘देव आहे असे मानणे’ वेगळे, ‘देवाला मानणे’ वेगळे आणि ‘देवाचे करणे’ वेगळे. ‘त्या देवाचं फार करतात’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या बाईंनी ईश्वराच्या अस्तित्वाविषयी काय निष्कर्ष काढला आहे, हे आपण मुळी सांगतच नाही. त्या पहाटे फुले काढतात, नैवेद्य दाखवतात, एकादशी धरतात, इतकेच सांगतो. ‘देवाला मानणे’ यातले मानणे ‘मी त्यांना फार मानतो’ यातले आहे, म्हणजे त्यात मान आहे, नाते आहे. प्रश्नावलीतला ‘तुमचा देवावर विश्वास आहे का?’ हा प्रश्न यांपैकी पहिल्याच अर्थाला हात घालतो, आणि आपल्याकडच्या पुष्कळ घरांत तोच अर्थ सर्वांत कमी बोलला जातो.

विद्यार्थ्याच्या वाक्याने मला अस्वस्थ केले ते भाविकांच्या अपमानामुळे जितके, तितकेच बुद्धिवादाच्या नुकसानीमुळे. बुद्धीला प्रमाण मानणे हा जन्मजात हुशारांचा विशेषाधिकार ठरला, तर आगरकरांनी साध्या वर्गणीदारांसाठी दर आठवड्याला लिहिण्याचे कष्ट कशासाठी घेतले, हे त्या मुलाला कधीच कळणार नाही.

मूळ प्रश्नकर्तीकडून

आभारी आहे. मी पहिल्या वाक्याखाली असे लिहून दिले : ‘बुद्धिवादी माणूस बुद्धीला प्रमाण मानतो, त्या कसोटीवर देवाचे अस्तित्व सिद्ध होत नाही असे वाटल्यास तो देव मानत नाही.’ दुसऱ्या वाक्यात ‘देवभोळ्या’च्या जागी ‘भाविक’ घालून ते पुन्हा मोठ्याने वाचून पाहा, असे सुचवले. वही परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने एक शंका होती : ‘बुद्धीलाच प्रमाण मानून एखादा देव मानत असेल, तर त्याला काय म्हणायचे?’ उदयनाचार्यांचे नाव मी सांगू शकले, पण शब्द सुचला नाही.

दुसऱ्या उत्तरकर्त्याकडून

‘सेश्वर’ हा शब्द तयार आहे. सांख्यांची तत्त्वे घेऊन शिवाय ईश्वर मानणाऱ्या पातंजल योगाला ‘सेश्वर सांख्य’ म्हणण्याची जुनी रीत आहे; त्या धर्तीवर ‘सेश्वर बुद्धिवादी’ म्हणता येईल. उदाहरण अलीकडचे हवे असेल, तर १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे सांगावे. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सहकारी कोणताही ग्रंथ अचूक मानीत नव्हते आणि एका ईश्वराची उपासना करीत होते. शब्द आजच्या वाचकाला पहिल्यांदा अडेल, म्हणून पहिल्या वापराच्या वेळी ‘ईश्वर मानणारा’ असे सोबत लिहावे. पुढे अडचण येणार नाही.