काजव्यांची ट्रिप: सामान कोण काय आणणार?

शुभाताई (बी-३०२): जूनचा पहिला शनिवार-रविवार, भंडारदरा, पाच घरं. पोलमध्ये "बघतो, सांगतो" दाबलेल्यांनी आज रात्रीपर्यंत हो की नाही ते कळवा. तंबूवाल्यांना आकडा द्यायचाय.

अमेय (बी-५०४): आम्ही तिघं हो. आणि तंबूवाले ठरलेत का? इन्स्टावर एक भारी पेज सापडलंय. पाण्याच्या अगदी काठावर तंबू, काजवे, बार्बेक्यू, लाइव्ह म्युझिक, माणशी ९९९. निम्मे पैसे आज भरले तर जागा पक्की.

शुभाताई: फोन नंबर?

अमेय: डीएमवरच बोलतात. क्यूआर पाठवलाय.

वैशाली (बी-४०१): अमेय, एक पैसा भरू नकोस. माझ्या नणंदेच्या बाबतीत हेच झालं, पवनेच्या काठावर. दिलेल्या लोकेशनवर पोचले तर भाताचं खाचर आणि एक म्हातारे आजोबा. ते म्हणाले, तुम्ही आज आलेली तिसरी गाडी. पेजवर मेसेज टाकला तर ब्लॉक. फोटो दुसऱ्याच कुणाच्या कॅम्पचे उचललेले.

अमेय: बापरे. तक्रार केली का?

वैशाली: १९३० ला फोन केला, ऑनलाइन पोर्टलवरही नोंदवली. पैसे गेल्यावर तासाभरात फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. यांनी दोन दिवस "करेल फोन, करेल फोन" म्हणत घालवले.

शुभाताई: अमेय, पेज वाईटच असेल असं नाही, पण आपण गावातल्याच माणसाकडे जातोय. शेंडीचे आहेत, धरणाच्या पायथ्याचं गाव. मी त्यांना दिवसाउजेडी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि मोरी-संडास दाखवा म्हटलं. तंबू सगळेच दाखवतात, मोरी दाखवायला लावली की खरं-खोटं कळतं. पाऊस आला तर मुलांना कुठे झोपवणार तेही विचारलं. पडवी आहे म्हणाले, ती दाखवली. यूपीआयवर पैसे पाठवताना बँकेतलं नाव दिसतं, ते आणि बोलणाऱ्या माणसाचं नाव एकच निघालं, मग हजार रुपये इसार दिला. बाकीचे तिथे गेल्यावर.

सेक्रेटरी: ही चर्चा मेन ग्रुपवर चालू द्यायला हरकत नाही. पण त्यात पाण्याच्या टँकरचा मेसेज वर गेला, कृपया तो पण वाचावा. 🙏

नाना (बी-१०१): पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली म्हणून सांगतो. अमेयच्या त्या पेजवरच्या रीलमध्ये जे छत्रीसारखं पाणी पडताना दिसतंय ना, तो अंब्रेला फॉल. तो आत्ता दिसणार नाही. विल्सन धरणातून, म्हणजे भंडारदऱ्याच्याच धरणातून, पाणी सोडलं तरच तो पडतो, म्हणजे पावसाळा भरात आल्यावर. जूनच्या सुरुवातीला तिथे नुसता खडक बघायचा. धरण मात्र बघण्यासारखं आहे, प्रवरेवर १९२६ साली पुरं झालेलं दगडी काम. मुलांना पाणी नाही म्हणून नाराज होऊ देऊ नका.

अमेय: पण नाना, ते रील काल टाकलेलं आहे!

नाना: टाकलं काल. काढलं कधी?

इरा (आईच्या फोनवरून): नाना 🔥

शुभाताई: हे मात्र खरं. सगळीकडे ऑगस्टची हिरवळ, सप्टेंबरची फुलं आणि जूनचे काजवे एकाच रीलमध्ये ठासलेले असतात. काजव्यांचे ते फोटोही तसेच. जंगलभर पिवळ्या ठिपक्यांचा सडा दिसतो तो कॅमेरा स्टँडवर ठेवून मिनिटामिनिटांचे कितीतरी फोटो एकावर एक रचलेले असतात. डोळ्यांना दिसतं ते वेगळं. झाड एकदम उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. माझ्या मते फोटोपेक्षा सरस, पण मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "आई, फोटोत जास्त होते" ऐकावं लागेल.

संदीप (ए-६०२): मी माझा पार्टी स्पीकर आणतो. चार्ज करून. रात्रभर चालतो.

वैशाली: नको.

माई (बी-२०३): नको रे बाबा.

नाना: अभयारण्य आहे ते, कळसूबाई-हरिश्चंद्रगड. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडतानाच ते बघतात. स्पीकर दिसला तर आधी तुझीच गाडी बाजूला घेतील.

संदीप: एकमत झालं म्हणायचं 😄

अमेय: बरं, सामानाचं. एक ॲप आहे, ठिकाण, तारीख, मुलं आहेत का ते टाकलं की हवामान बघून यादी करून देतं. मी भंडारदरा टाकलं. यादी आली: स्लीपिंग बॅग, वॉटर फिल्टर, मल्टी-टूल, फायर स्टार्टर, बेअर स्प्रे.

माई: ते शेवटचं काय?

इरा: अस्वलावर मारायचा फवारा, माई.

माई: अगं बाई, अस्वल आहे तिथे?

नाना: अस्वल नको मनात आणू. बिबट्या मात्र आहे. अकोले, संगमनेर, जुन्नर हा सगळा त्याचाच पट्टा. त्यावर फवारा लागत नाही, अंधार पडल्यावर लहान मूल एकटं संडासाला पाठवायचं नाही, एवढं पुरतं. आणि खरकटं तंबूबाहेर टाकायचं नाही. खरकट्याला कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो येतो.

शुभाताई: तेच म्हणते. ॲपची यादी माणशी असते. आपल्याला घरटी हवी. नाहीतर पाच घरांतून पाच सुऱ्या, पाच कापूरडब्या, पाच पॉवरबँक आणि लायटर एकही नाही. मी गूगल कीपमध्ये सामायिक यादी केली आहे, लिंक इथे पिन करते. ज्याने जे घेतलं त्याने पुढे फ्लॅट नंबर लिहून टिक मारायची. दुसऱ्याची टिक काढायची नाही. अमेय, तुला उद्देशून नाही.

अमेय: मला उद्देशूनच आहे.

शुभाताई: तंबू, गाद्या, उशा, जेवणाची भांडी त्यांच्याकडे. आपण न्यायचं ते असं. चादर आणि एक बरी शाल किंवा पातळ ब्लँकेट माणशी एक. इथे घामाच्या धारा लागल्यात म्हणून पातळ पंचा घेऊन येऊ नका, धरणावरून पहाटे वारा सुटतो तेव्हा मुलं कुडकुडतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट. रेनकोट हवेतच, छत्री वाऱ्यात उलटते. तंबूत झोपताना बूट बाहेर ठेवू नका आणि सकाळी घालण्याआधी दगडावर उलटे आपटा, विंचू असतात. जाड दोरी आणि कपड्यांचे चिमटे, ओले रेनकोट कुठे टांगणार? जुनी वर्तमानपत्रं, ओल्या बुटात कोंबायला. एक सतरंजी घरटी, तंबूपुढे अंथरायला.

आणि टॉर्च. हे नीट वाचा. प्रत्येक टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दोन पदर, रबरबँडने बांधून. स्टेशनरीवाल्याकडे मिळतो. मुलांना आदल्या दिवशी हे काम द्या.

संदीप: लाल कागद कशाला? एवढं करून दिसणार काय?

शुभाताई: वाट दिसते, पायाखालचं दिसतं. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद. ती खाली गवतात किंवा झुडपावर बसून उत्तर देते. पांढरा झोत पडला की दोघांचं बोलणंच तुटतं. त्यांच्याकडे फार दिवस नसतात, पोटात असताना गोगलगायी खाऊन वाढायचं, मोठं झालं की थोड्याच दिवसांत जोडीदार शोधून अंडी घालायची. त्यात शनिवार रात्री दोन-दोनशे गाड्यांचे हेडलाइट. म्हणून आपण झाडांजवळ गाड्या नेणार नाही. यजमान चालत नेणार आहेत. वाट सोडून गवतात शिरायचं नाही, मादी तिथेच बसलेली असते. बाटलीत काजवे भरण्याचा विषय निघाला तर मी तिथेच चिडणार आहे, आत्ताच सांगते.

इरा: "पोटात असताना" नाही आई, अळी असताना 😂

शुभाताई: अळी असताना. धन्यवाद.

नाना: कोणत्या झाडांवर बघायचं तेही सांगा पोरांना. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. झाड ओळखता आलं तर निम्मी सहल झाली.

वैशाली: औषधांची पिशवी माझ्याकडे, एकच. प्रत्येकाने आपापली रोजची औषधं मात्र वेगळी आणायची, नानांची बीपीची गोळी माझ्या पिशवीत सापडणार नाही. ओआरएस, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे मुलांचं, पट्ट्या, डासांची क्रीम, ॲलर्जीची गोळी घेते. साप चावला तर काय, हे आत्ताच वाचून ठेवा: बांधायचं नाही, चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. चावलेला हात-पाय हलू न देता गाडीत घालून राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघायचं, वाटेत १०८. साप मारून बरोबर आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच असते.

माई: शुभम भवतु. आता खाण्याचं बोलू का? रात्रीचं जेवण ते देणार ना? मग मी दशम्या करते, दुधातल्या, दोन दिवस मऊ राहतात. लसणीची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गुळांबा. वाटेत आळेफाट्याला मिसळ खाणाऱ्यांनी पोरांना देऊ नका, पुढे घाट आहे आणि मागच्या सीटवर कोण बसतंय ते मला माहीत आहे. मेतकूट मी आणते. सकाळी तिथल्या भातावर तूप-मेतकूट केलं की मुलं गप खातात.

संदीप: माई, कोळसा-शेगडी माझ्याकडे. मक्याची कणसं भाजू.

अमेय: रस्ता? गूगल मॅप कोतूळवरून दाखवतंय, जवळ पडतं.

नाना: छोट्या गाड्या आणि मुलं असताना संगमनेर–अकोले–राजूर या. थोडं लांब, पण रस्ता मोठा आणि पेट्रोल-चहा मिळतो. अकोल्यातच टाकी भरा. आणि गूगलचा नकाशा घरून वायफायवर उतरवून घ्या, पूर्ण अकोले तालुका. जीपीएसला नेट लागत नाही, नकाशाला लागतं. घाटघर-साम्रदच्या बाजूला रेंज येते-जाते.

अमेय: दामिनी ॲप पण टाका सगळ्यांनी. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, आसपास वीज पडायची शक्यता असेल तर इशारा देतं. वळवाचा पाऊस आलाच तर एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही, काचा वर करून गाडीत बसायचं. आणि खर्च स्प्लिटवाइजवर टाकू, यावेळी वहीत नको.

माई: वही मी आणणारच आहे.

इरा: आता माझं ऐका. फोटो टाकायचे ते परत आल्यावर. रविवारी रात्री टाका, सोमवारी टाका. शनिवारी संध्याकाळी "ऑल बी विंग ॲट भंडारदरा" असं लोकेशन लावून टाकलं की पाच फ्लॅट रिकामे आहेत हे अख्ख्या जगाला कळतं. ज्यांची प्रोफाइल पब्लिक आहे त्यांनी तर नकोच. आणि काजव्यांच्या झाडाचं नेमकं लोकेशन टॅग करू नका, पुढच्या शनिवारी तिथे शंभर गाड्या. नुसतं "अकोले तालुका" लिहा. अजून एक, व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की त्यात जागेचे आकडे तसेच राहतात. तो बाहेरच्या ग्रुपवर पुढे ढकलू नका.

वैशाली: बाळा, तुला पुढच्या कमिटीत घेऊ.

सेक्रेटरी: इराच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. पाचही घरांनी दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला दोन दिवस नाही असं सांगावं, दाराशी पिशव्या साचू देऊ नयेत. वॉचमनला नावं लेखी द्यावीत, ग्रुपवर नाही. गॅसचा रेग्युलेटर आणि पाण्याचा मुख्य नळ बंद.

शुभाताई: लाइव्ह लोकेशन इथे कोणी टाकू नका. ज्यांचे आई-वडील घरी आहेत त्यांना फक्त पाठवा, आठ तासांवर ते चालत नाही आणि रेंज गेली की अडकतं. आजींना आधीच सांगा की ठिपका हलत नसेल तर घाबरू नका. पोचल्यावर एक आणि झोपण्याआधी एक फोन.

वैशाली: संदीप, शेगडीवरून आठवलं. कणसं झाल्यावर ती तंबूत न्यायची नाही. मुलांना ऊब म्हणून नाही, पाऊस आला म्हणून नाही, निखारे विझल्यासारखे दिसले तरी नाही. धुमसणाऱ्या कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. झोपेतच माणूस जातो. पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतायचं आणि रात्रभर उघड्यावर ठेवायची.

संदीप: समजलं. बादली पण मीच आणतो, यादीत टिक मारली.