आई-बाबांसह पहिल्यांदाच जपान: सल्ला हवा आहे

केतकीबन
नमस्कार. एप्रिलच्या अखेरीस आई (वय 65) आणि बाबा (वय 70) माझ्याबरोबर प्रथमच परदेशात येणार आहेत. नऊ दिवसांत टोकियो, क्योटो आणि हिरोशिमा पाहण्याचा विचार असून, विमानभाडे सोडून तिघांचा खर्च साडेतीन लाख रुपयांत बसवायचा आहे. रेल्वेचा पास घ्यावा का, आणि अंडेही न खाणाऱ्या आईच्या जेवणाची सोय कशी करावी, हे माझे मुख्य प्रश्न आहेत.

पाऊलवाट
29 एप्रिल ते 5 मे या काळात तेथे लागोपाठ सुट्ट्या असतात, त्यामुळे गाड्या आणि निवास दोन्ही महाग होतात. आपण नोव्हेंबरात जावे. आम्ही गेलो होतो तेव्हा गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या पारंपरिक निवासात दोन रात्री राहिलो. एका रात्रीचे साठ हजार रुपये झाले, पण आई-वडिलांसाठी खर्चाकडे पाहू नये, असे माझे ठाम मत आहे. हिरोशिमा वगळून ते दिवस तिकडे द्यावेत.

रूळयात्री
बजेट साडेतीन लाखांचे आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. पासाबद्दल सांगतो. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर 2023मध्ये 29,650 येनवरून 50,000 येनवर गेला. टोकियो ते क्योटो सुमारे 14,000, क्योटो ते हिरोशिमा सुमारे 11,500 आणि हिरोशिमाहून परत टोकियो सुमारे 19,500 येन धरले, तरी बेरीज 45,000च्या आसपास राहते. म्हणजे सुटी तिकिटेच परवडतात. शिवाय पासावर सर्वांत वेगवान 'नोझोमी' गाडीसाठी वेगळे पैसे भरावे लागतात. मात्र लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल, तर टोकियो-क्योटो मार्गावर तिच्यासाठी जागा असलेले आसन आधी राखून ठेवावे.

माजघर
जेवणाचा खरा अडथळा मांसाचा नसून 'दाशी'चा आहे. वाळवलेल्या माशाचा हा अर्क सूप, नूडल्स आणि भाज्यांच्या रश्शातही असतो, आणि 'मांस नको' एवढेच सांगितले तर तो तसाच राहतो. म्हणून 'मांस, मासे, अंडी आणि दाशी चालत नाही' असे जपानी भाषेत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. क्योटोतील काही मंदिरांत 'शोजिन र्योरी' हे शाकाहारी भोजन मिळते, तर टोकियोत निशी-कसाई भागात भारतीय किराणा मिळतो. भारतातून विजेची किटली मात्र नेऊ नये. तेथे वीज 100 व्होल्टची असल्याने आमच्या किटलीत पाणी कोमट होण्यापलीकडे काही झाले नाही, आणि सासूबाईंना दोन दिवस चहा मिळाला नाही.

देवगडकर
मी मुलीसाठी हापूसची पेटी नेली होती, ती विमानतळावर काढून घेण्यात आली. इतके दुःख मला कोणत्याही खर्चाचे झाले नाही. ताजी फळे नेऊ नका.

पाऊलवाट
पण टोकियोत हापूस विकायला असतो, मी स्वतः पाहिला आहे. मग घरून नेलेल्या आंब्यालाच हरकत का असावी?

देवगडकर
तो आंबा उष्ण बाष्पाची प्रक्रिया होऊन, तपासणीच्या प्रमाणपत्रासह जातो. 2006मध्ये भारतीय आंब्यावरील बंदी उठली ती याच अटीवर. सामानातून नेलेल्या पेटीला असे प्रमाणपत्र नसते.

रूळयात्री
औषधांचेही पाहावे. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि 10 टक्क्यांहून अधिक प्रमाण असलेले औषध तेथे नेण्यास बंदी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एका महिन्यापेक्षा अधिक न्यायची असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते.

माजघर
सुट्ट्यांचे मीही सांगणारच होते. नोव्हेंबर उत्तम. आणि हिरोशिमा या खेपेस सोडावे, वयाचा विचार करता प्रवास फार होतो.

केतकीबन
सर्वांचे मनापासून आभार. पास घेणार नाही, किटली तेथेच घेऊ आणि बाबांच्या औषधांची यादी आजच तपासते. रजा एप्रिलमध्येच मिळत असल्याने 18ला निघून 26ला परतू, म्हणजे सुट्ट्यांपूर्वी घरी पोहोचू. हिरोशिमा मात्र वगळणार नाही, उलट क्योटोतील एक रात्र कमी करून तेथे दोन रात्री राहू. बाबांनी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि 6 ऑगस्ट 1945चा धडा दरवर्षी उभे राहून सांगितला. त्यांनी या प्रवासात मागितलेली ती एकच जागा आहे. आईच्या कार्डावरील जपानी मजकूर मी उद्या येथे देते. जपानी जाणणाऱ्या कोणी तो तपासून द्यावा, ही विनंती.