अनोळखी माणसाचा एरर आपण का वाचायचा?

रामबागकर

काल आपल्या इंदूरकरांच्या गटात एकाने लिहिलं: "ज्याला साधा एरर वाचता येत नाही त्याला चॅटवर मदत करणं बंद करा. आपण फुकटचं कॉल सेंटर नाही. एआय आहे, त्याला विचारा म्हणावं." खाली अंगठ्यांची रांग लागली. मला ते झोंबलं, म्हणून सविस्तर लिहितो.

२००३ साली घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि फोनलाइनवरून नेट जोडणारा मोडेम मुका झाला. घरून नेट नाही, म्हणून सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आयआरसीवर, म्हणजे तेव्हाच्या नुसत्या मजकुराच्या चॅटवर, विचारलं. पलीकडचा माणूस कोण, कुठला, आजतागायत माहीत नाही. त्याने एक कमांड सांगितली. ती हातावर लिहून घेतली, सायकल मारत रामबागेत आलो, स्क्रीनवर आलेलं सगळं वहीत उतरवलं, परत गेलो. अशा दोन खेपा झाल्या आणि तो थांबला होता. शेवटी म्हणाला, हा विनमोडेम आहे, निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरकडून करून घेतो, सीरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम घे. घेतला, चालला. त्याचं ते देणं मी अजून फेडतो आहे.

गेल्या महिन्यात रात्री अकराला एका पोराने मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो टाकला. तिरका, ट्यूबलाइटची चमक आलेली, खालची ओळ कापलेली. "काल चालत होतं, आज बंद. काहीच बदललं नाही." पायथनचा छोटा प्रोग्राम, शिकवणीच्या मुलांची यादी एका फाइलमधून वाचून दुसरीत लिहिणारा. कापलेली ओळ मागितली: 'चारमॅप' कोडेकला (आकड्यांवरून अक्षरं ओळखणाऱ्या तक्त्याला) बाइट ८डी (फाइलमधला एक आकडा) वाचता येत नाही. मी विचारलं, कालपासून यादीत नवं कोण आलं? म्हणाला, कृष्णा.

तिथेच सापडलं. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या तक्त्याने आकड्यांत साठवली ते, सांगितलं नाही तर त्याच्या विंडोजवरचं पायथन फाइल १२५२ कोडपेज या इंग्रजीसारख्या भाषांच्या जुन्या तक्त्याने वाचत होतं. माधव, रमा, कमल यांचे सगळे बाइट त्या तक्त्यात कुठे ना कुठे बसतात. वाचायचं चुकीचं आणि लिहायचं त्याच चुकीने, त्यामुळे नवी फाइल अगदी बरोबर दिसायची. 'कृष्णा'तला हलंत (ष चा पाय मोडणारं चिन्ह) यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत, तीन बाइटचा, त्यातला शेवटचा ८डी, आणि १२५२ च्या तक्त्यात नेमकं ते घर रिकामं. ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, तेही घर रिकामं. कृष्णाऐवजी सुमन आली असती तरी अडलंच असतं. फाइल उघडणाऱ्या ओपन या आज्ञेत एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहायला लावलं, काम झालं.

पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी वर्गात एक मुलगा वाढला होता, कोडला त्याने हात लावला नव्हता. त्याला 'नवं कोण आलं' हे विचारायला समोर माणूसच हवा होता.

दुकान_आरएनटी

ती पोस्ट माझी. नाव घेतलं नाहीस, तरी मीच उत्तर देतो.

तू कोडवाला आहेस. तुझा सल्ला चुकला तर पोरगा फार तर पुन्हा रन करेल. मी अठरा वर्षं हार्डवेअर करतो आहे. एका फोटोग्राफरच्या हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत होता. चॅटवर कुणीतरी ऐटीत सांगितलं, चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवा, बॅड सेक्टर दुरुस्त होतात. त्याने रात्रभर चालवलं. सकाळी डिस्क माझ्या टेबलावर आली तेव्हा बायोसलाही, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामलाही, दिसत नव्हती. चार लग्नांचे फोटो होते त्यात. मरायला टेकलेल्या डिस्कवर काहीही लिहायचं नसतं. आधी स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न आलेले भाग, किती ते बघायचं, मग डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर जेवढं निघेल तेवढं काढून घ्यायचं, आणि जी काही दुरुस्ती करायची ती त्या कॉपीवर. सल्ला देणारा त्या रात्री ऑफलाइन गेला. रडणारा माणूस माझ्यासमोर बसला होता.

दुसरी गोष्ट. कॉम्प्युटर मधेच रिस्टार्ट होतो, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. चॅटवरच्या मंडळींनी तीन आठवडे त्या बाईंना रॅम काढा, रॅम घाला, खोडरबरने पुसा करायला लावलं. मी घरी गेलो. जुना वाडा, बोर्डाच्या तिसऱ्या भोकात वायरच नाही. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) फिल्टरमधून कॅबिनेटवर साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. अर्थिंग ओढलं, झिणझिण्या थांबल्या. मग एसएमपीएस उघडला तर आतले दोन कपॅसिटर फुगलेले. बदलला, रिस्टार्टही थांबले. चॅटवरून भिंत दिसते का कुणाला?

रामबागकर

चेकडिस्कचं पटलं. मीही एकेकाळी तो सल्ला बिनदिक्कत दिलेला आहे आणि तो चूक होता. पण दादा, हा चुकीचा सल्ला देण्याविरुद्धचा मुद्दा झाला. मदत बंद करा, हे त्यातून कसं निघतं?

कोडर_विजयनगर

मला दोघांचंही पटत नाही. पोराने अख्खा एरर एआयमध्ये चिकटवला असता तर चार सेकंदात एन्कोडिंगची ओळ मिळाली असती. त्यासाठी रात्री अकराला माणूस जागवायचा कशाला? लोक 'हॅलो' लिहून गप्प बसतात. 'पायथन येतं का कुणाला?' एवढंच विचारतात. अरे, विचारू का असं विचारू नका, विचारा! मी गेल्या वर्षी वैतागून तीन ग्रुप सोडले. एकालाही धन्यवाद म्हणता आलं नाही.

रामबागकर

अख्खा एरर चिकटवला असता तर. त्याने तर तीच ओळ कापली होती. कोणती ओळ महत्त्वाची हे कळायला एकदा कुणीतरी शेजारी बसावं लागतं. आणि एआयबद्दल इतकी खात्री नको. डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली, कारण ती वाचायला झकास आणि बरीचशी चुकीची होती. आता ती सुधारली आहेत, मीही वापरतो. पण नवख्याला झकास आणि बरोबर यातला फरक कळत नाही.

लोकमान्यनगर_ताई

एक गोष्ट कुणी बोलत नाही. मी माझ्या नावाने प्रश्न विचारला की ग्रुपवर उत्तर येत नाही, खाजगीत तीन 'हाय' येतात. त्यातला एक 'एनीडेस्कचा नंबर द्या, मी बघतो' म्हणतो. अनोळखी माणसाला एनीडेस्कवरून माझी स्क्रीन का द्यायची? आता मी नुसती आद्याक्षरं लावून विचारते, तर सगळे 'भाऊ' म्हणतात आणि सरळ उत्तर देतात. मदत करायची तर सगळ्यांसमोर करा. चुकलं तर दुसरा लगेच टोकतो. त्या फोटोग्राफरला खाजगीत सल्ला मिळाला होता की ग्रुपवर?

दुकान_आरएनटी

खाजगीत. ताई, हा मुद्दा मात्र बरोबर आहे.

टायपिस्टकाका

मी निवृत्त स्टेनो. धाग्यात तोंड घालतो, माफ करा, पण तुमचा हा कृष्णा वाचून राहवेना. आमच्या गणेश मंडळाचा १९९९ पासूनचा सगळा हिशेब आणि इतिवृत्तं माझ्याकडे कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टात आहेत. नव्या लॅपटॉपवर उघडलं तर इंग्रजी अक्षरांचा कचरा. एका ग्रुपवर विचारलं. एक म्हणाला फाइल करप्ट आहे, दुसरा म्हणाला व्हायरस आहे, फॉर्मॅट मारा. मी फॉर्मॅट मारला असता तर? एकालाही कृतिदेव माहीत नव्हतं. मध्य प्रदेशात राहून!

कोडर_विजयनगर

काका, कृतिदेव फेका आता. ते फॉन्ट नाही, फसवणूक आहे. 'भारत' लिहिलं तरी आत एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. शोध चालत नाही, अकारविल्हे लागत नाही, फॉन्ट नसेल तर सगळं मेलं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येऊन किती वर्षं झाली, अजून तेच घेऊन बसला आहात.

टायपिस्टकाका

फेका म्हणे! तीस वर्षं ही बोटं रेमिंग्टनच्या, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीच्या, कळांवर चालली आहेत. कळफलकाकडे न बघता ळ लागतो मला. मुखवटा म्हणता, त्याच मुखवट्यावर या राज्यातली निम्मी कागदपत्रं टाइप झाली. तुमचा जन्म झाला नसेल तेव्हा मी रात्री जागून वर्गणीच्या पावत्या टाइप करत होतो. फेका हा शब्द परत घ्या.

कोडर_विजयनगर

शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

सुदामानगर_१२

काकांचं आणि कोडरचं भांडण मुळात दोन वेगळ्या गोष्टींचं आहे. कळफलक वेगळा, आत साठणारी अक्षरं वेगळी. सीपीसीटी या आपल्या राज्याच्या संगणक-परीक्षेत हिंदी टायपिंगला रेमिंग्टन गेल (टाइपरायटरसारखा कळफलक) किंवा इनस्क्रिप्ट (दुसऱ्या मांडणीचा कळफलक) निवडता येतं आणि उमटतं ते युनिकोड. काका, तुमची बोटं तशीच राहतील, एकदोन कळा इकडेतिकडे, फक्त आतला साठा बदलेल. मी स्वतः रेमिंग्टन गेल लावूनच हे लिहून राहिलो आहे.

टायपिस्टकाका

हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. मग पुढचं झालं. मागच्या पंचवीस वर्षांचं काय? पुतण्याने नेटवरून कुठलं तरी कन्व्हर्टर लावलं. प्रत्येक 'वर्गणी'चं 'वगर्णी' झालं. मंडळाच्या हिशेबात दुसरा शब्द तरी कोणता असतो?

रामबागकर

काका, ती त्या कन्व्हर्टरची अर्धवट कामगिरी आहे. कृतिदेवात रफार 'ग'च्या नंतर साठवलेला असतो, कारण टाइपरायटरसारखं जे जिथे दिसतं त्या क्रमाने टाइप होतं. युनिकोडात तो 'ग'च्या आधी हवा. नुसतं अक्षरामागे अक्षर बदललं की 'वगर्णी'च होणार. पहिल्या वेलांटीचं उलटं. कृतिदेवात ती अक्षराच्या आधी, युनिकोडात नंतर. दोन्ही उचलून जागेवर नेऊन ठेवणारं कन्व्हर्टर हवं.

कोडर_विजयनगर

रफार एकट्या अक्षरावरून उचलून चालणार नाही. मधे काना-मात्रा असतील तर त्यांच्याही मागे न्यावा लागतो. 'सर्वांना'त 'वां'च्या पलीकडून आणावा लागेल. मी लिहितो ते. दोन संध्याकाळी लागतील.

लोकमान्यनगर_ताई

कालपर्यंत तू ग्रुप सोडत होतास ना?

कोडर_विजयनगर

काकांनी प्रश्न नीट मांडला. काय केलं, काय हवं होतं, काय आलं, तिन्ही सांगितलं. असं विचारलं तर मी रात्रभर बसेन. 'हॅलो'ला उत्तर मी अजूनही देणार नाही.

दुकान_आरएनटी

थांबा. कुणी काकांना पहिला प्रश्न विचारला का? काका, या फाइली कुठे आहेत? एकाच ठिकाणी?

टायपिस्टकाका

जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर. काही सीडींवर होत्या, त्यातल्या दोन वाचत नाहीत.

दुकान_आरएनटी

मग आज तो कॉम्प्युटर चालू करू नका. मी याच्यासाठीच ती पोस्ट टाकली होती. सगळे रफार कुठे न्यायचा ते बोलून राहिले, पंचवीस वर्षांचा हिशेब एका म्हाताऱ्या डिस्कवर आहे हे कुणाच्या ध्यानात नाही.

रामबागकर

मान्य. मीही विचारलं नाही. बॅकअप आहे का, हा पहिला प्रश्न, बाकी सगळं नंतर. हे मी लिहून ठेवतो. पण दादा, काकांना तुम्ही ओळखता का?

दुकान_आरएनटी

नाही. आणि माझं मत बदललेलं नाही. डिस्कला चॅटवरून हात लावायचा नाही. काका, कॉम्प्युटर बंद ठेवून गुरुवारी दुकानात आणा, आधी डिस्कची कॉपी काढू. कॉपीचे पैसे घेणार नाही. सीडीही आणा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये कधी कधी वाचतात.

टायपिस्टकाका

आणतो. कन्व्हर्टरसाठी नमुना हवा असेल ना? माझ्याकडे पेन ड्राइव्हवर १९९९ चं एक पान आहे. फोटो काढून पाठवू?

कोडर_विजयनगर

फोटो नको काका. फाइलच पाठवा, आणि इथेच सगळ्यांसमोर टाका. वर्गणीदारांची नावं असतील तर ते पान सोडून दुसरं पाठवा.