वाकडी झालेली एलपी घरच्या घरी सरळ होते का?

प्रश्न: बाबांच्या नाट्यसंगीताच्या एलपी रेकॉर्ड माळ्यावर पत्र्याखाली पडून होत्या, दोन उन्हाळ्यांत काठाला लाट आलीय. सुई पहिल्याच गाण्याला उडी मारते. हेअर ड्रायर मारू की ओव्हनमध्ये ठेवू?

सुईदोरा: दोन्ही नको रे बाबा! एलपी पीव्हीसी प्लॅस्टिकची असते, साधारण ६०-७० डिग्रीच्या पुढे नरम पडायला लागते आणि घरच्या ओव्हनचा आकडा काही खरा नसतो, रेकॉर्ड सपाट होईल पण सुई चालते त्या खाचा गेल्या की आवाज खलास. काचवाल्याकडून कडा घासलेल्या दोन जाड काचा आण, रेकॉर्ड नीट पुसून (धूळ राहिली तर तीच खाचांत दाबली जाते) मध्ये ठेव, वर वजन. बहुतेक एलपींचा काठ आणि लेबलचा भाग खाचांपेक्षा किंचित जाड असतो त्यामुळे काच थेट खाचांवर टेकत नाही. गरम खोलीत काही आठवडे राहू दे, लगेच काढून बघायची घाई नको.

जुनाबाजार: आधी बघ ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे) तर नाही ना? त्या लाखेच्या, दाबल्या की तडकतात.

प्रश्नकर्ता: नाही, सगळ्या ३३ च्या आहेत. वाजवताना रेकॉर्डच्या मधोमध लेबलवर ठेवायचं वजन मिळतं, ते घेऊ का?

सुईदोरा: त्याने मधला फुगवटा बसतो, काठाची लाट नाही. आणि सरळ झाल्यावर उभ्या ठेव, तिरक्या टेकवून नको.