मदत हवी आहे: पेनांगचं जॉर्ज टाउन, आई-बाबांसोबत

नमस्कार मंडळी, जानेवारीत आई-बाबांना घेऊन मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउनला जायचं ठरतंय. 2008 साली मलाक्कासोबत जागतिक वारसा यादीत आलेलं हे बंदर बघायची मला फार ओढ आहे. एकाच रस्त्याच्या आसपास सेंट जॉर्ज चर्च, कुआन यिन या चिनी देवीचं देऊळ, मारिअम्मन देवीचं कोविल (तमिळ देऊळ) आणि कपितान केलिंग मशीद! हा पट्टा मला घाई न करता, पायी बघायचाय.

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. जुन्या दुकान-घरांपुढे सलग पडव्या आहेत, उन्हापावसात त्यांच्यातूनच चालायचं. पण प्रत्येक घरापुढची फरशी वरखाली, मध्येच पायरी, मध्येच लावलेली मोटरसायकल. ज्येष्ठांना घेऊन कुणी तिथे फिरलंय का? सकाळी लवकर निघून दुपारी खोलीवर परतणं जमतं का? सायकलरिक्षावाले रिंगिटमध्ये भाव आधी ठरवतात ना?

'वेल्ड की' या धक्क्याजवळ पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या चिनी कुळांच्या वस्त्यांमध्ये अजून लोक राहतात. त्यांना त्रास न होता बघायचं तर कोणत्या वेळी जावं?

बाबा पक्के शाकाहारी, मासळीची पेस्टही चालत नाही. लिटल इंडियात केळीच्या पानावरचं जेवण मिळतं हे माहीत आहे, पण चिनी बौद्ध शाकाहारी खाणावळींचा अनुभव कुणाला असेल तर नक्की सांगा.

आणि क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंत रेल्वे, पुढे फेरी, हा मार्ग सामानासकट झेपेल, की सरळ विमान घ्यावं?