पैसे देणारी ऑनलाइन सर्वेक्षणे आणि मिस्टरी शॉपिंग : श्रमांचे मोल पदरात पडते का?

खर्चाची_वही (सिंहगड रस्ता)

माझी भाची बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरबसल्या ऑनलाइन सर्वेक्षणे भरून आणि सुट्टीच्या दिवशी मिस्टरी शॉपिंग करून स्वतःचा वरखर्च भागवता येईल का, असे तिने मला विचारले, कारण ही दोन्ही कामे मी जानेवारी ते मार्च असे तीन महिने करून पाहिली होती आणि त्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवला होता. तिला दिलेले उत्तर येथे मांडते. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी तो अवश्य लिहावा. एकट्या माझ्या वहीवरून तिला सल्ला देणे मला पुरेसे वाटत नाही.

आधी सर्वेक्षणांविषयी. तीन महिन्यांत मी ९६ सर्वेक्षणे उघडली. त्यांपैकी ३५ पूर्ण झाली आणि ६१ मधेच बंद झाली. कपडे धुण्याच्या पावडरीविषयीच्या एका सर्वेक्षणात वय, उत्पन्न, घरातील माणसे, वॉशिंग मशिनचे झाकण वर आहे की पुढे, कॉलरचा मळ आधी हाताने घासता का, अशा प्रश्नांची बारा मिनिटे उत्तरे दिल्यानंतर ‘आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही’ एवढे एकच वाक्य आले आणि खात्यात काहीही जमा झाले नाही. कंपनीला ठरावीक वयाची आणि उत्पन्नाची ठरावीक संख्येची माणसे हवी असतात आणि तो कोटा भरला की उरलेल्यांना बाहेर काढले जाते, हे मला समजते. परंतु पात्रतेचे प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत संपले पाहिजेत. बारा मिनिटे माहिती घेऊन मग नकार देणे हा अन्याय आहे. एकूण ३८ तासांत मला १,२४० रुपयांची व्हाउचर मिळाली, म्हणजे तासाला सुमारे ३३ रुपये, आणि तेही रोख नव्हेत.

मिस्टरी शॉपिंगमध्ये आपण साधे गिऱ्हाईक म्हणून दुकानात, बँकेत किंवा उपाहारगृहात जायचे, तिथली वागणूक, स्वच्छता, लागलेला वेळ यांची मनात नोंद ठेवायची आणि घरी येऊन त्याच रात्री लांबलचक अहवाल भरायचा. मी अशा सात भेटी दिल्या, दर भेटीला ३५० रुपये मानधन ठरले होते. सातपैकी एक अहवाल बिलाचा फोटो अस्पष्ट आहे म्हणून नाकारला गेला, त्यामुळे त्या भेटीचे मानधन तर गेलेच, शिवाय मी खाल्लेल्या पदार्थांचे ४२० रुपये माझ्याच अंगावर पडले. पेट्रोल आणि पार्किंगचे ६४० रुपये वजा केल्यावर २४ तासांच्या कामाचे १,०४० रुपये उरले, म्हणजे तासाला ४३ रुपये. आमच्या सोसायटीत पोळ्या लाटून देणाऱ्या ताई तासाभराच्या कामाचे याहून कितीतरी अधिक घेतात, आणि ते रास्तच आहे. म्हणून मी भाचीला सांगितले, की याच वेळात शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घे.

निवृत्त_लेखनिक (सहकारनगर)

आपला हिशेब चोख आहे, परंतु त्याच्या मुळाशी जे गृहीत धरले आहे ते मला मान्य नाही. प्रत्येक तासाला बाजारात गिऱ्हाईक आहे, असे आपण धरून चालला आहात. माझे वय ७१ आहे, पत्नी जाऊन सहा वर्षे झाली, आणि पहाटे चार वाजता डोळा उघडला की सात वाजता दूधवाला येईपर्यंतचे तीन तास कोणीही विकत घेणार नाही. त्या वेळात मी गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स या सर्वेक्षणांच्या ॲपवरचे चार प्रश्न सोडवतो. अँड्रॉइड फोनवर त्याचा मोबदला रोख मिळत नाही, तो प्ले स्टोअरमध्येच वापरावा लागतो आणि वर्षभरात वापरला नाही तर संपतो. मी त्यातून ई-पुस्तके घेतो. गेल्या वर्षी अकरा पुस्तके झाली, आणि त्यासाठी निवृत्तिवेतनाला हात लावावा लागला नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करतात आणि दिवसातून वीस मिनिटेही सलग बाहेर जाऊ शकत नाहीत. त्यांना शिकवणी घ्या असे सांगणे सोपे आहे. सर्वेक्षणांतून महिन्याला मिळणारे तीनशे-चारशे रुपये हे त्या घरातले एकमेव पैसे आहेत, ज्यांचा हिशेब त्यांना कोणाला द्यावा लागत नाही. त्या पैशांची किंमत ताशी दराने काढू नये.

वनाझ_रामवाडी (कोथरूड)

मी चार वर्षे मिस्टरी शॉपिंग करते आणि मूळ लेखिकेशी माझा स्पष्ट मतभेद आहे. त्यांचा तोटा त्या कामामुळे झाला नाही, काम निवडण्यात झाला. सिंहगड रस्त्यावरून विमाननगरला दुचाकीने एकाच भेटीसाठी जायचे असेल, तर ३५० रुपयांत ते कोणालाच परवडणार नाही. मी वनाझला मेट्रोत बसते आणि रामवाडीपर्यंतच्या मार्गावर त्याच दिवशी तीन कामे जुळत असतील तरच होकार कळवते. दिवाळीच्या आसपासच्या महिन्यात माझ्या हाती सहा-सात हजार रुपये येतात. जून-जुलैमध्ये कधी कधी एकही काम नसते. हा पगार नव्हे, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते.

शिवाय हे कौशल्याचे काम आहे. पेट्रोल पंपावरची भेट घ्या. नळी टाकीत घालण्यापूर्वी कर्मचारी ‘शून्य पाहा’ असे म्हणतो की नाही, मीटरकडे बोट दाखवतो की नुसताच पुटपुटतो, हवा भरण्याचे यंत्र चालू आहे की त्याची नळी गुंडाळून ठेवली आहे, पिण्याच्या पाण्याची सोय आहे का, स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, बिल न मागता मिळाले का, हे सारे तीन-चार मिनिटांत पाहायचे असते आणि मागच्या रांगेतला माणूस हॉर्न वाजवत असताना चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचे नसते. सुरुवातीला मला यातले निम्मे आठवत नसे. आता घरी आल्यावर चाळीस मिनिटांत अहवाल पूर्ण होतो. मूळ लेखिकेला तोच दोन तास लागत असणार, आणि त्यांचा ताशी दर तिथेच कोसळला.

मोजमाप (डेक्कन)

मी उमेदीची अनेक वर्षे क्षेत्र-अन्वेषक म्हणून घरोघर जाऊन प्रश्नावल्या भरल्या आहेत, त्यामुळे पैशांपेक्षा वेगळा आक्षेप मांडतो. आपल्या पुण्याला सर्वेक्षणाची मोठी परंपरा आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. अशा कामात अन्वेषक उंबऱ्यावर बसतो, चूल कोणती आहे ते डोळ्यांनी पाहतो, आणि उत्तर पटले नाही तर तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो. ऑनलाइन सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्याला बाहेर काढले जाण्याची भीती असते, म्हणून तो हळूहळू ‘पात्र’ उत्तरे द्यायला शिकतो. घरात चारचाकी आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ म्हटले की सर्वेक्षण संपते, हे दोनदा अनुभवल्यावर तिसऱ्यांदा किती जण खरे सांगतील? मधेच ‘येथे तिसरा पर्याय निवडा’ अशी सापळ्याची ओळ घालतात, तिने निष्काळजी माणूस सापडतो, विचारपूर्वक खोटे बोलणारा सापडत नाही. आपण ३३ रुपयांसाठी खोटे बोलायची सवय लावून घेतो, हा तोटा कोणाच्या वहीत येत नाही.

आणि मिस्टरी शॉपिंगविषयी माझ्या मनात याहूनही खोल अस्वस्थता आहे. काउंटरमागचा मुलगा दहा तास उभा असतो. त्याने हसून नमस्कार केला नाही, अशी खूण एका अनोळखी बाईने तीस सेकंदांच्या पाहणीवरून केली, तर त्याचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला जाण्याची शक्यता असते. त्याची बाजू ऐकायला तिथे कोणी नसते.

वनाझ_रामवाडी

आपला दुसरा आक्षेप मला झोंबला, कारण तो खोटा नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी एका मुलीविषयी ‘स्वागत केले नाही’ असे लिहिले होते आणि रात्री आठवले, की ती त्या वेळी एका वृद्ध गृहस्थांना खुर्ची आणून देत होती. मी अहवाल पुन्हा उघडून ते शेऱ्यात लिहिले. तेव्हापासून ‘नाही’ या खुणेपुढे कारण लिहिल्याशिवाय मी अहवाल पाठवत नाही, मग त्याचे वेगळे पैसे मिळोत वा न मिळोत. परंतु या अहवालांमुळेच एखाद्या सुरक्षा रक्षकाचा चांगुलपणाही मालकापर्यंत पोहोचतो, हेही लक्षात घ्यावे. तक्रार करणारे गिऱ्हाईक पुष्कळ असतात. चांगले वागला म्हणून लिहून कळवणारे फारच थोडे.

हडपसरकर

आपण सारे ३३ रुपये आणि ४३ रुपये यांवर बोलत आहात, म्हणून मला राहवत नाही. माझ्या मेहुण्याचे १,८४,००० रुपये याच नावाखाली गेले. सुरुवातीला व्हॉट्सॲपवर निरोप आला, की हॉटेलांना ऑनलाइन पंचतारांकित शेरे द्या, दर शेऱ्याला ५० रुपये. पहिले १५० रुपये खरोखर खात्यात आले. मग टेलिग्रामच्या गटात घेतले, तिथे पन्नास माणसे ‘मला आज इतके मिळाले’ म्हणून फोटो टाकत होती, आणि ती सारी त्यांचीच माणसे होती. २,००० भरले तर २,८०० परत आले. १०,००० भरल्यावर सांगण्यात आले, की पुढची दोन कामे पूर्ण केल्याशिवाय रक्कम सुटणार नाही. अडकलेले सोडवण्यासाठी तो आणखी भरत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा अर्धवेळ कामाच्या नावाने फसवणाऱ्या शंभराहून अधिक संकेतस्थळांवर बंदी घातली, तरी निरोप येणे थांबलेले नाही.

ही गोष्ट नवी नाही. स्पीक एशिया नावाची सिंगापूरस्थित कंपनी ११,००० रुपये वर्गणी घेऊन सर्वेक्षणे भरायला देत असे, २०११ साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तिचा तपास सुरू केला तेव्हा देशभर लाखो लोकांचे पैसे अडकलेले होते. म्हणून माझे मत असे आहे, की तरुण मुलांना या वाटेला जाऊच देऊ नये. आणि कोणी फसलेच तर लाजेपायी गप्प न बसता त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करावा. मेहुण्याने चार दिवस घरात कोणाला सांगितले नाही, तोपर्यंत पैसे कितीतरी खात्यांतून पुढे गेले होते.

निवृत्त_लेखनिक

आपल्या मेहुण्यांविषयी मनापासून वाईट वाटले. तरीही ‘जाऊच देऊ नये’ हे मला पटत नाही, कारण ज्याला खरे काम कसे चालते ते ठाऊक नसते तोच खोट्या कामाला भुलतो. खऱ्या सर्वेक्षणात मोबदला क्षुल्लक असतो आणि आपल्याकडून कधीही पैसे मागितले जात नाहीत. नोंदणीशुल्क, अनामत, प्रशिक्षणाचे साहित्य, कोणत्याही नावाने मागितले तरी तिथेच थांबावे.

वनाझ_रामवाडी

यात एक बारकावा जोडते, कारण नव्या माणसाचा तिथे गोंधळ होतो. मिस्टरी शॉपिंगमध्ये खरेदीसाठी आधी स्वतःचे पैसे घालावे लागतात आणि ते मानधनाबरोबर नंतर मिळतात, कधी कधी ४५ दिवसांनी. परंतु ते पैसे आपण दुकानाला देतो आणि त्याचे पक्के बिल आपल्या हातात असते. काम देणाऱ्याच्या खात्यात एक रुपयाही पाठवायचा नसतो. मानधनावर करकपात करायची असते, म्हणून पॅन क्रमांक मागितला तर ते रीतीला धरून आहे. ओटीपी मात्र कोणी मागितला तर फोन ठेवून द्यावा.

खर्चाची_वही

सर्वांचे आभार. काकांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. ताशी दर हा माझ्यापुरता आणि भाचीपुरता खरा आहे, त्यांच्या खालच्या मजल्यावरील बाईंसाठी नाही. सर्वेक्षणांविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही. एकोणिसाव्या वर्षी तिने आपले उत्पन्न, आजार, घरातील मुलांची वये हे सारे दहा ठिकाणी लिहून द्यावे आणि त्याच्या बदल्यात तासाला ३३ रुपयांचे व्हाउचर घ्यावे, हे मला नको आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्यात माहिती कशासाठी घेतली जाते ते सांगून संमती घेणे बंधनकारक केले आहे; पण बारा मिनिटांनी अपात्र ठरवलेल्या माणसाच्या उत्तरांचे पुढे काय होते, हे त्या तीन महिन्यांत मला एकाही ठिकाणी सोप्या भाषेत लिहिलेले आढळले नाही.

मिस्टरी शॉपिंगची दोन कामे तिला माझ्यासोबत करू देईन, तीही घरापासून स्वारगेटपर्यंतच्या टापूतली. हडपसरकरांची हकिगत मी तिला काल रात्री वाचून दाखवली. वनाझ_रामवाडी, आपल्याला एकच विचारायचे आहे : माझा तो नाकारला गेलेला फोटो मी घरी आल्यावर दिव्याखाली काढला होता. आपण बिलाचा फोटो कसा काढता?

वनाझ_रामवाडी

घरी येईपर्यंत थांबूच नका. ही बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात, पर्समध्ये घडी पडली किंवा उन्हात गाडीच्या डिकीत राहिली की अक्षरे पुसट किंवा काळी होतात. दुकानातून बाहेर पडून दोन दुकाने पुढे जावे, पाठीमागे एक जाड वही धरून बिल सपाट करावे, सावलीत उभे राहून दोन फोटो काढावेत आणि त्यांत तारीख, वेळ, बिल क्रमांक व एकूण रक्कम या चार गोष्टी मोठ्या करून वाचता येतात का, हे तिथेच पाहावे. वाचता येत नसतील तर परत जाऊन दुसरी प्रत मागू नये, लगेच ओळखले जाते. फोटोच पुन्हा काढावा.